आठ दिवसांचं दळण

रविवारी जुन्नरचा आठवडे बाजार. दुपार कलली की बाजारकरी आपापल्या गावाकडे वळतात आणि संध्याकाळी गावच्या गिरणीपुढे रांग लागते. रांगेत माणसं फारशी नसतात, डबेच असतात. तेलाचे पत्र्याचे जुने डबे, झाकणाला दोरी बांधलेले प्लॅस्टिकचे डबे, खताच्या गोणीपासून शिवलेल्या पिशव्या. कुणाचा डबा कुणाच्या पुढे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वीज आली की गिरणीवाला आधी बाजरीचे डबे उरकतो, मग ज्वारी, मग गहू, कारण बाजरीवर लगेच गहू टाकला तर पोळीला करडा रंग येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण दारात.

दळण किती द्यायचं, हा हिशेब बाजरी ठरवते. बाजरीत ज्वारी किंवा गव्हापेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित असतो. दाणा भरडला की त्यातल्याच विकरांमुळे हे तेल फुटू लागतं आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं. ज्वारीची गोष्ट वेगळी. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजं असेल तर भाकरी हातावर फिरते, जुनं झालं की कडा फाटतात, थापताना भाकरी तुटते. ‘पिठाला विरी गेली’ असं म्हणून ते पीठ मग थालीपिठाकडे वळवतात. तेव्हा महिनाभराचं दळण एकदम आणून ठेवावं, ही सोय भाकरी खाणाऱ्या घराला नाहीच. आठ दिवसांचं दळण, आठ दिवसांचा बाजार, आठ दिवसांचं सरपण. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कामाच्या आठवड्याचं नियोजन कागदावर होत नाही, ते या डब्यात मोजून होतं.

शहरात आता रविवारी पाच दिवसांच्या भाज्या शिजवून, डब्यांवर वार लिहून फ्रीजमध्ये रचण्याची पद्धत आली आहे. तिला ‘मील प्रेप’ असं नावही मिळालंय. इथली रीत तिच्याहून वेगळी आहे आणि जास्त काटकसरीची आहे. इथे अन्न शिजवून ठेवत नाहीत. शिजवण्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आणून ठेवतात. भाजणं, वाळवणं, कांडणं, दळणं ही लांबलचक कामं आधी, ऊन आणि सवड असताना उरकायची. कामाच्या दिवशी चुलीपुढे जेमतेम अर्धा तास. शिजलेल्या अन्नात पाणी असतं आणि पाणी म्हणजे आंबणं. कोरडं ठेवलं तर फ्रीज लागत नाही, वीजबिल लागत नाही, आणि वाया तर काहीच जात नाही.

दोन तालुके म्हटले तरी प्रदेश एकसारखा नाही. पश्चिमेला नाणेघाट, दुर्गवाडी, आहुपे, भीमाशंकरचे डोंगर. तिथे पाऊस कोसळतो, भात, नाचणी आणि वरई पिकते, वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी. तिथे नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा, सगळीकडे ऊस. आणि पूर्वेला बेल्हे, आणे पठार, जिथे ढग येतात आणि पुढे निघून जातात. त्यामुळे ‘कामाचा आठवडा’ हा शब्दही तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरावा लागतो.

पश्चिमेकडचा सगळ्यात दांडगा आठवडा आवणीचा. भाताच्या लावणीला इकडे आवणी म्हणतात. जुलैमध्ये रोपं तयार झाली की थांबता येत नाही. पाऊस आहे तोवर, चिखल आहे तोवर, खाचर लावून घ्यायचं. दिवसभर वाकून काम, डोक्यावर इरलं किंवा आता प्लॅस्टिकचा कागद, घरी परत येईपर्यंत अंधार. ओढ्यांना पाणी आल्यावर बाजाराचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. ओलं लाकूड पेटत नाही, नुसता धूर होतो. अशा आठवड्यात रोज भाजी चिरून फोडणी घालण्याला कुणाला वेळ?

म्हणून एप्रिल-मे महिन्यांत बेगमी होते. हा शब्द मराठीत जुना आहे आणि त्याला प्रतिशब्द सापडत नाही. साठवण म्हटलं तर अर्धाच अर्थ येतो; बेगमीत पुढच्या दिवसांची काळजी आणि तजवीज दोन्ही आहेत. पडवीत एका बाजूला लाकडं आणि गोवऱ्या रचल्या जातात, ती पहिली बेगमी. मग मिरची आणून, देठ खुडून, उन्हात कडकडीत करून कांडपावर मसाला, तो वर्षभराचा. डाळी भिजवून, वाटून सांडगे घातले जातात. रश्शाला ऐनवेळी भाजी नसली की मूठभर सांडगे तेलावर परतून टाकले, की आमटीला चावायला काहीतरी मिळतं. सुकट आणि बोंबील कोकणातून घाट चढून बाजारात येतात. ते उन्हात पुन्हा एकदा वाळवून घट्ट डब्यात जातात. खुरासणी भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटली की काळी, तेलकट चटणी होते. ही चटणी आणि भाकरी एवढंही कित्येकदा बांधावरचं जेवण असतं. खुरासणीत तेल भरपूर, त्यामुळे वरून तेल घालायचीही गरज नाही.

आणि हुलगा. मराठी पाककृतींच्या पुस्तकांत त्याला कोपऱ्यात बसवलेलं असतं, गावाकडे ‘घोड्याचं खाणं’ म्हणून थट्टाही होते. पण कष्टाच्या आठवड्याचा खरा आधार कोणता, असं विचारलं तर जुन्नर-आंबेगावात उत्तर हुलगाच यायला हवं. हलक्या जमिनीत, कमी पाण्यात येतो. शंभर ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं. भाजून दळलेलं पीठ डब्यात असलं की त्यातून दोन अगदी वेगळी जेवणं निघतात. एक माडगं: पीठ पाण्यात कालवून, लसूण-जिऱ्याच्या फोडणीत शिजवलेली पातळ पेज. भिजून, गारठून आलेल्या माणसाला गरम माडगं दिलं की तो बोलायला लागतो.

दुसरं शेंगोळे. हुलग्याच्या पिठात तिखट, मीठ, लसूण, जिरं घालून घट्ट मळायचं, हातावर वळून शेंगांसारखे लांबट तुकडे किंवा कडी करायची आणि मसाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडायची. पिठातूनच रस्सा दाट होतो. वेगळी भाकरी लागत नाही, वेगळी भाजी लागत नाही, एकच पातेलं, एकच जाळ. शेंगोळे वळायला मुलांना बसवतात, त्यामुळे आई खाचरातून येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. आज नारायणगाव-आळेफाट्याच्या हॉटेलांत शेंगोळ्यांची थाळी मिळते आणि पुण्याहून माळशेजला जाणारे लोक ती कौतुकानं मागवतात. गरजेचं अन्न ‘गावरान मेनू’ झालं, याला हरकत नाही. फक्त थाळीतले शेंगोळे तुपात पोहतात, हे काही खरं नाही.

नाचणीचं कौतुकही अलीकडेच सुरू झालं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शहरांतून नाचणीची बिस्किटं निघाली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे तेव्हा पोस्टरांवर आलं. डोंगरातल्या घरांसाठी नाचणीचा मोठा गुण दुसराच आहे: तिला कीड सहजी लागत नाही. कणगीत नाचणी वर्षानुवर्षं टिकते. भात कमी आलं त्या वर्षी मागच्या नाचणीवर पावसाळा निघायचा. रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागल्यापासून नाचणीचं क्षेत्र आणि कणग्या दोन्ही आटल्या, हेही खरं आहे. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ मध्ये माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. भूक भागवण्याच्या दृष्टीनं ती मोठी गोष्ट. पण त्याबरोबर बेगमीचं एक अंग सैल झालं.

सरकारलाही ही पावसाळ्याची अडचण फार पूर्वी कळली होती. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात मजुरीचं काम नसतं, घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि सावकाराचं दार उघडं असतं, म्हणून १९७८ पासून राज्यात खावटी कर्ज देण्यात येऊ लागलं. खावटी म्हणजे खाण्यापुरतं. मध्ये काही वर्षं बंद पडलेली ही योजना करोनाच्या काळात अनुदान म्हणून परत आली: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे बँक खात्यात, निम्म्याचं सामान. सामानात मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, डाळी, साखर, तेल, मिरची पावडर, मीठ, चहा. ही यादी लक्ष देऊन वाचली तर कळतं की ती कुणा जाणत्या बाईनं केल्यासारखी आहे: सगळं कोरडं, सगळं टिकाऊ. हुलगा मात्र त्यात नव्हता.

आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते जुनं आंबेगाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे इथे धरण झालं, जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव मिळालं, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. नदीकाठच्या सपाट जमिनी गेल्यावर माणसं डोंगरउतारावर सरकली. उतारावर भात घ्यायचं तर आधी दगडमातीचे बांध घालून खाचरं पाडावी लागतात. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी इथे पडकई ही जुनी रीत आहे: आज सगळ्यांनी मिळून तुझ्या जमिनीवर खपायचं, उद्या माझ्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं या भागात पडकईला बळ दिलं, जलाशयात मासेमारीचा हक्क आदिवासींना मिळावा म्हणूनही काम केलं. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

असं वाटून घेतलेलं काम म्हटलं की स्वयंपाकही वाटून घ्यावा लागतो. प्रत्येक घरातल्या बाईनं पहाटे उठून आपापला जाळ करायचा, की एका घरी मोठं पातेलं चढवायचं? सरपणाचा हिशेब दुसऱ्या पर्यायाच्या बाजूनं आहे. भाकरीचा हिशेब मात्र उलटा. आमटी शंभर माणसांची एका कढईत होते. भाकरी तव्यावर एकेकच भाजली जाते.

या कोड्याचं उत्तर पाहायचं तर पूर्वेला आणे गावी जावं लागतं. हिवाळ्यात रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला तिथे आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. भल्यामोठ्या कढयांमध्ये मसाल्याची झणझणीत आमटी गावात एकत्र शिजते आणि भाकरी आजूबाजूच्या घरांमधून भाजून येतात. ज्याला मोठा जाळ लागतो ते एका जागी, ज्याला हात लागतात ते घरोघरी. हजारो माणसं जेवून उठतात. पठारावर पिकणाऱ्या धान्याची भाकरी, थोडी डाळ आणि मसाला, यापलीकडे पानात काही नसतं. दुष्काळी भागानं काढलेला हा महाप्रसाद आहे, आणि त्याच्या चवीसाठी मुंबईहून लोक येतात.

दुष्काळ म्हटला की पुणे जिल्ह्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसांना १९७२ आठवतो आणि त्याबरोबर सुकडी. रस्ते, नालाबांध, खडी फोडण्याच्या कामांवर मजुरांना सुकडी वाटली जायची: भाजलेल्या पिठाचं गोड, कोरडं खाणं, पाण्याबरोबर खाता येईल असं. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी धड होत नसे. मिलोची आठवण लोक तोंड वाकडं करून सांगतात, सुकडीची मात्र हसून. सरकारी तयार जेवणांपैकी प्रेमानं आठवलं जाणारं बहुधा हे एकच.

मधल्या बागायती पट्ट्यातल्या आठवड्याला दुसरी घाई असते. नारायणगावात मजुरांचा बाजार भरतो. पश्चिमेकडच्या वाड्यांमधून, अकोले तालुक्याच्या बाजूनं आलेली माणसं कपड्यांचं आणि धान्याचं बोचकं घेऊन उभी असतात. शेतकरी येतात, मजुरी ठरते, गाडीत बसवून घेऊन जातात. टोमॅटोची बांधणी, तोडणी, कांद्याची लागण. काम चार दिवसांचं की पंधरा, हे आधी ठाऊक नसतं. बोचक्यात तांदूळ, पीठ, मसाल्याची पुडी, चटणी, थोडी सुकट आणि एखादं पातेलं. शेताच्या कडेला तीन दगड मांडले की घर उभं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला, जुन्नरचे काही शेतकरी एका हंगामात कोट्यधीश झाले, दूरचित्रवाणीचे कॅमेरे बांधावर आले. तेव्हाही तोडणाऱ्यांच्या पातेल्यात सुकटच होती. त्या आठवड्यांत पुण्यातल्या घरांनीसुद्धा आमटीत टोमॅटोऐवजी चिंच टाकली, हाच काय तो सारखेपणा.

दिवाळीनंतर ऊस सुरू होतो. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावातल्या पारगावचा भीमाशंकर, या दोन सहकारी कारखान्यांच्या फडांवर बीड, नगर आणि आणखी लांबून तोडकरी येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतलेली असते ती जोडीच्या नावावर. पाचटाच्या कोपीत संसार मांडला जातो. फडावर उजाडायच्या आत पोचायचं तर बाई तीनच्या सुमाराला उठते. पाणी लांबून आणायचं, दिवसभराच्या भाकरी थापायच्या, कोरडं पिठलं किंवा ठेचा, मुलांचं आवरायचं. भाकरी फडक्यात बांधून निघायचं. दुपारी फडातच जेवण. तोडलेल्या मोळ्या वाहनात चढवायला रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर संध्याकाळच्या चुलीचा भरवसा नाही, म्हणून सकाळच्याच भाकरींतून दोन बाजूला ठेवायच्या. त्यात हा बिबट्यांचा मुलूख. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. पहाटे तीनला उसाच्या कडेनं पाणी आणायला जाणाऱ्या बाईला त्या केंद्राची माहिती असो वा नसो, हातातल्या बॅटरीची किंमत नक्की ठाऊक असते.

इथे काटकसरीच्या सगळ्या गोड वर्णनांना थोडा आवर घालायला हवा. पैसे वाचतात, सरपण वाचतं, अन्न वाचतं, हे खरं; पण या वाचलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत कुणाच्या तरी झोपेतून वळती होते. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर सांडगे घालणारी आणि पहाटे तीनला तवा ठेवणारी एकच आहे. तिची मजुरी कोयत्याच्या हिशेबात धरली जाते, भाकरीची कशातच नाही.

गंमत अशी की शिजवलेलं अन्न वेळेवर पोचवण्याचा देशातला सगळ्यात नावाजलेला धंदा याच डोंगरातल्या पुरुषांनी उभा केला. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या भागांतले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या कामाची कीर्ती पुढे इंग्लंडच्या राजघराण्यापर्यंत गेली. तेव्हाचे युवराज चार्ल्स २००३ मध्ये डबेवाल्यांना येऊन भेटले. चैत्रात गावच्या यात्रा आल्या की डबेवाले काही दिवस सुट्टी घेऊन गावी येतात आणि मुंबईची कचेरी तेवढे दिवस बाहेरचं खाते. दुसऱ्याच्या घरचा गरम डबा पोचवणारा डबेवाला स्वतः मात्र गावाहून आलेल्या पोत्यावर जगत आला: तांदूळ, बाजरी, घाटी मसाला, हुलगा.

मुंबईत कापड गिरण्यांच्या काळात एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे कामगार खाणावळीत जेवत. खाणावळ चालवणारी बाई महिनाभर उधारीवर जेवू घाली, पगार झाला की पैसे मिळत. तोवर तिची उधारी वाण्याकडे, व्याजासकट. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि पहिल्या १४ खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आठवड्याचं धान्य रोखीनं, घाऊक भावानं घेता आलं तर त्याच ताटात किती पैसे वाचतात, हे त्या बायकांना बँकेच्या आधीपासून ठाऊक होतं. हातात रोख नव्हती, इतकंच.

आज मंचर, नारायणगाव, जुन्नरमध्ये नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. शिक्षिका, परिचारिका, बँकेत, दूध डेअरीत, चाकणच्या कारखान्यांकडे सकाळच्या बसनं जाणाऱ्या. त्यांच्या ओट्यावर कुकर, मिक्सर आणि फ्रीज आहे, तरी पद्धत जुन्याच धाटणीची. बाजाराच्या संध्याकाळी पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात. मटकी भिजत घातलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपसून कापडात बांधली की तिसऱ्या दिवशी डब्यात उसळ. कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण चार दिवस फ्रीजमध्ये. भाजी आणि वाटणापुरता फ्रीज, भात मात्र रोजचा रोज. उरलाच तर लगेच गार करून आत, कारण उबेत राहिलेला भात पोट बिघडवतो. आणि मासवडी? बेसनाची पोळी लाटल्यासारखी थापून, तिळा-खोबऱ्याचं सारण भरून, गुंडाळी करून कापायची आणि वर पातळ रस्सा. ती कुणीही आधी करून ठेवत नाही. पाहुणे आल्यावरच, सगळा दिवस मोडून.

भाकरी मात्र विकतची येऊ लागली आहे. पोळी-भाकरी केंद्रं निघाली आहेत, बचत गटांच्या बायका भाकरी थापून देतात. ज्या कामाला कधी मोल नव्हतं त्याचा नगाला भाव ठरला.

गिरणीपुढच्या रांगेत श्रावणात एक दिवस उपवासाच्या धान्याचा असतो. त्या दिवशी गिरणी पुसून घेतात, वरई आणि राजगिरा आधी. थंडीत रांगेच्या शेवटी अनोळखी पिशव्या दिसू लागतात. त्या तोडकऱ्यांच्या. त्यांचा डब्याचा नंबर ठरलेला नसतो, गिरणीवाल्याशी वर्षाची ओळख नसते. पाच किलो बाजरी, त्याहून जास्त नाही. फड कधी हलेल आणि पुढच्या मुक्कामाला गिरणी किती लांब असेल, हे मुकादमाला विचारूनही कळत नाही, म्हणून बाई पिशवीचं तोंड बांधताना गिरणीवाल्यालाच विचारते, पुढच्या गावात दळण कुठे मिळतं ते.